वेगळ्या झालेल्या आईबापांना एका कोर्ट टायपिस्टचं खुलं पत्र

नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या वेगळ्या राहणाऱ्या सगळ्या आईबापांना,

नमस्कार.

“तो पैसे देत नाही, मग मी पोराला का भेटू देऊ?” आणि “ती पोराला भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?” ही दोन वाक्यं मी गेली एकवीस वर्षं ऐकतेय. सीबीएसजवळ, जिल्हा न्यायालयाबाहेर मी टायपिंग करते. आधी मराठी टाइपरायटर होता, कार्बन घालून चार प्रती काढायचे. आता कॉम्प्युटर आहे. अर्ज, शपथपत्रं, नोटिशीची उत्तरं, तडजोडनामे, जे समोर येईल ते. मी वकील नाही. पण नवरा-बायकोच्या प्रकरणांचे इतके कागद हाताखालून गेलेत आणि इतक्या वकिलांनी उभ्या उभ्या कलमं समजावून सांगितलीत, की काही गोष्टी आता पाठच झाल्यात. तुम्ही कोर्टाची पायरी चढायच्या आधी त्या कुणीतरी तुम्हाला सांगायला हव्यात. बहुतेकांना त्या चार-सहा तारखा झाल्यावर कळतात, काहींना दोन-तीन वर्षांनी. तोवर पहिलीतलं पोर चौथीत गेलेलं असतं.

कुणाचं नाव मी लिहिणार नाही, आणि जे प्रसंग सांगते त्यातल्या खुणा मुद्दाम बदलल्या आहेत.

त्या दोन वाक्यांपासूनच सुरुवात करते. बोलणाऱ्याला दोन्ही न्यायाची वाटतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पोटगी लेकराच्या पोटाची असते. भेटसुद्धा लेकराचीच असते, कारण आई आणि बाप दोघंही त्याचे आहेत. कोर्टात पोटगीचा अर्ज वेगळा, भेटीचा वेगळा, दोन्हींची कलमं वेगळी. पैसे थकले तर आईने वसुलीचा अर्ज टाकायचा. भेट अडवली तर बापाने भेटीचा आदेश मागायचा, आणि आदेश असूनही अडवली तर तोच आदेश घेऊन पुन्हा कोर्टापुढे जायचं. एकाचा हिशोब दुसऱ्यात वळता होत नाही.

एक दादा होते, सातपूरला कंपनीत कामाला. महिना चार हजार ठरले होते. बायको पोरीला घेऊन येवल्याला माहेरी गेली, तीन रविवार पोरगी भेटली नाही, म्हणून यांनी पैसे थांबवले. अकरा महिन्यांनी वसुलीची नोटीस आली, चव्वेचाळीस हजारांची. ते माझ्याकडे आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. पिशवीत दिवाळीला पोरीसाठी घेतलेला फ्रॉक, चपला आणि रंगपेटी. पोरगी भेटलीच नाही म्हणून सगळं तसंच पडून होतं, फ्रॉक तर आता तिला झालाही नसता. त्यांनी विचारलं, “ताई, हे यातून वळतं होईल का हो?” मला नाही म्हणावं लागलं. तीन रविवार हुकले तेव्हाच त्यांनी भेटीचा अर्ज टाकला असता, आणि चार हजार जात राहिले असते, तर त्या दिवशी कोर्टापुढे त्यांची बाजू केवढी भक्कम असती!

आधी पोटगीचं बोलू. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सगळ्यांना ऐकून माहीत असतं. आमच्याकडे अजूनही “एकशे पंचवीस टाकलं” असंच म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ झालं. गाभा तोच राहिला. हे कलम सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. मालेगावहून येणाऱ्या बहिणींना मी हे आवर्जून सांगते, कारण “आमच्यात पोटगी नसते” असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तलाक झाला तरी आईकडे राहणाऱ्या मुलांना बापाकडून या कलमाखाली पोटगी मिळते, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ सालीच स्पष्ट केलं आहे. आईबापाचं लग्न झालेलं होतं की नव्हतं, यावर मुलाचा हक्क अवलंबून नाही. कलमातच तसं लिहिलं आहे.

किती मिळेल, हा दुसरा प्रश्न. पगाराचा अमुक टक्का असा तक्ता आपल्याकडे कायद्यात नाही. पूर्वी रकमेला वरची मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली. आता मुलाची गरज, दोघांची कमाई, राहणीमान, इतर जबाबदाऱ्या हे सगळं बघून कोर्ट आकडा ठरवतं. खटला संपेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते आणि तो अर्ज समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. व्यवहारात जास्त दिवस लागतात. म्हणूनच अर्ज लवकर टाका. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२०ला रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगून टाकलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे तुम्ही “बघू, सुधारेल” म्हणत घालवलेले महिने हिशोबात येत नाहीत. ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं.

त्याच निकालामुळे दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. हा नमुना भरणं हे माझं रोजचं काम. मी विचारते आणि समोरचा सांगतो. पगार, शेती, घरभाडं, कर्जाचा हप्ता, गाडी, विमा. आया आपल्या खर्चाचा रकाना भरताना नेहमी कमी सांगतात. “शाळेची फी, रिक्षा, दूध, बस.” मग मी विचारते, आजारी पडत नाही का? वह्या? चपला? ट्रिप? एका ताईंनी बोटं मोजत मोजत सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “केस कापायचे राहिले.” तेही लिहिलं. छोटे आकडे लिहायला लाजू नका, लेकराचा महिना त्याच आकड्यांनी भरतो.

आणि बापांना हात जोडून सांगते, “उत्पन्न नाही” असं लिहायला लावू नका. अंबडच्या कंपनीचा गणवेश अंगात, खिशाला ओळखपत्र लावलेलं, आणि मला सांगतात, “लिहा, सध्या बेरोजगार.” ते शपथपत्र आहे. पगाराची स्लिप, बँकेचं खातं, आयकराचं विवरण हे सगळं मागवता येतं, आणि खोटं उघडं पडलं की पुढच्या तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. खरोखर नोकरी गेली असेल, द्राक्षबाग गारपिटीत झोपली असेल, तर ते लिहा, पुरावा जोडा. पोटगी ठरल्यानंतर परिस्थिती बदलली तर रक्कम कमी किंवा जास्त करायचा अर्ज देता येतो. गुपचूप पैसे बंद करणं हा मात्र सगळ्यात महागात पडणारा मार्ग. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९८९ सालीच सांगितलंय. आयांनीही एक ध्यानात ठेवायचं. वॉरंटने वसुली हवी असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज टाकावा लागतो. दोन-तीन वर्षं वाट पाहत बसू नका.

पैसे बँकेतून द्या. हे मी प्रत्येकाला सांगते. रोख दिलेले, मेव्हण्याच्या हाती दिलेले, “तिच्या आईला विचारा, तिच्यासमोर दिले” असे पैसे सिद्ध करता करता माणूस थकून जातो. मोबाइलवरून पाठवा आणि “मुलाची पोटगी, जून” एवढं लिहा. शाळेची फी परस्पर शाळेत भरायची असेल तर ती पोटगीत धरायची की वेगळी, हे आदेशात किंवा तडजोडनाम्यात लिहून घ्या.

आई कमावती असेल तर तिचाही वाटा येतो. १९५६च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात मुलांना सांभाळायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली आहे. कलम १४४ची पोटगी मूल १८ वर्षांचं होईपर्यंत असते, अपंगत्वामुळे स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या मुलाला त्यानंतरही. अविवाहित मुलीला मात्र हिंदू कायद्याखाली १८ नंतरही वडिलांकडे निर्वाह मागता येतो, तिचं स्वतःचं भागत नसेल तर.

आता ताबा. हा शब्द मला कधीच आवडला नाही. सकाळी प्लॉटच्या ताब्याचा दावा टाइप करायचा आणि दुपारी चार वर्षांच्या पोरीच्या. पण कागदावर तोच शब्द आहे. पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी, एवढं आधी समजून घ्या. मूल कुणाजवळ राहतं तो ताबा, आणि त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा, सही करायचा अधिकार ते पालकत्व. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि “त्याच्यानंतर” आई असं लिहिलंय. त्या एका शब्दावरून कित्येक आयांना बँकेतून परत पाठवलं गेलं. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने “त्याच्यानंतर”चा अर्थ “त्याच्या गैरहजेरीत” असा लावला. बाप हयात आहे पण लक्षच देत नाही, अशा वेळी आई पालक म्हणून सही करू शकते. त्याच कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असंही आहे. “सर्वसाधारणपणे” हा शब्द विसरू नका. आईला आपोआप मिळतं असं नाही आणि पाचव्या वाढदिवसाला बापाला आपोआप मिळतं असंही नाही. शेवटी सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, मुलाचं हित. कलम १३ तेच सांगतं, आणि १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखालीही न्यायाधीश तेच बघतात. शाळा कुठली, घरी कोण असतं, आजी आहे का, भावंडं एकत्र राहतील का, आजारपणात कोण उठतं.

ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो. म्हणून रातोरात पोराला सुरतला नाहीतर पुण्याला नेऊन ठेवायचं आणि तिथे केस टाकायची, ही कुणी सांगितलेली युक्ती करू नका. त्यात पोराची शाळा तेवढी बुडते.

मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारतात. त्यासाठी अमुकच वय असं कायद्यात नाही. आणि इथे मला जे सगळ्यात जास्त बोचतं ते लिहिते. एका ताईंची मुलगी, नऊ वर्षांची, माझ्या टेबलाशेजारी उभी होती. मी तिला सहज विचारलं, शाळेत कोणता विषय आवडतो. ती माझ्याकडे बघून सरळ म्हणाली, “मला बाबांकडे जायचं नाही, ते माझ्या आईला क्रूर वागणूक देतात.” क्रूर वागणूक. नऊ वर्षांच्या पोरीचे ते शब्द नव्हते. ते माझे होते, मी अर्जात टाइप केलेले. पोरीने पाठ केले होते. न्यायाधीशांनी अशी शेकडो मुलं पाहिलेली असतात, त्यांना पाठ केलेलं लगेच कळतं. पढवल्याने तुमची केस मजबूत होत नाही, आणि पुढे कधीतरी त्या पोरीला खरं काही सांगायचं असेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणं अवघड होऊन बसतं.

भेटीच्या आदेशाबद्दल माझं एकच सांगणं, बारीक लिहून घ्या. संमतीने वेगळं होताना तडजोडनाम्यात “उभयतांच्या सोयीनुसार वडील मुलाला भेटतील” असं वाक्य असतं. ते मी इतक्यांदा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. आणि तेच जोडपं वर्षभरात पुन्हा समोर येऊन बसतं, कारण सोय कुणाची ते त्यात लिहिलेलंच नसतं. कोणता वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, न्यायला कोण येणार, सोडायला कोण, आजारी असेल तर भेट कधी भरून काढायची, दिवाळीचे कोणते दिवस कुणाकडे, उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत आजी-आजोबांकडे कधी. सगळं लिहा. दुसरा पालक पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलची वेळही लिहा. २०२० साली सुप्रीम कोर्टाने अशा बोलण्यालाही मुलाचा आणि पालकाचा संपर्क म्हणून महत्त्व दिलं आहे. मूल देण्या-घेण्याची जागा पोलीस चौकीचं दार नको. आजीचं घर चालेल, शाळा चालेल, एखादी बाग चालेल. एक जोडपं दर शनिवारी फाळके स्मारकाच्या गेटवर भेटायचं. एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत, पण दप्तर, डबा आणि दम्याचा पंप या हातातून त्या हातात बरोबर जायचा. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं.

आदेशाची एक प्रत शाळेत द्या. एका ओळखीतल्या मुलाला निकालाच्या दिवशी आई आणि बाप दोघं आणायला आले, आणि शाळेला कुणाच्या हाती द्यावं ते कळेना. तासभर ते पोर ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होतं. निकाल चांगला लागला होता त्याचा.

एक गोष्ट वकिलांकडूनही निसटते म्हणून लिहिते. फारकत लवकर मिळावी म्हणून कित्येक आया “मुलाची पोटगी मागणार नाही” असं लिहून द्यायला तयार होतात. स्वतःचा हक्क सोडायचा तर तो तुमचा विचार. पण मुलाचा हक्क सही करून सोडून द्यायला तो तुमचा नाहीच. तसं लिहून दिलं असलं तरी मुलासाठी पुन्हा अर्ज करता येतो. आणि नुसत्या स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांसमोर लिहिलेल्या फारकतीला, समाजात सिद्ध झालेली तशी रूढी नसेल तर, घटस्फोट म्हणत नाहीत. असे कागद घेऊन माणसं दुसरं लग्न करतात आणि मग तिसऱ्याच अडचणीत सापडतात. त्या दुसऱ्या लग्नातल्या मुलांचं काय, असं विचाराल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ त्यांना औरसच मानतं. लग्न बेकायदा ठरलं तरी लेकरू बेकायदा ठरत नाही.

औरस या शब्दावरूनच पुढची गोष्ट सांगायची आहे.

पस्तिशीतले एक भाऊ पोटगीच्या अर्जाला उत्तर टाइप करायला आले. शाळेला सुट्टी होती, त्यांचा भेटीचा दिवस होता, म्हणून सात-आठ वर्षांचा मुलगा बरोबर. मुलगा स्टुलावर बसला. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या परिच्छेदाला आले, “सदर मुलगा हा सामनेवाल्याचा औरस मुलगा नसून त्याची डीएनए चाचणी करण्यात यावी.” मी टाइप करत होते. मुलं रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचतात ना, तसा तो स्क्रीनवरचं एकेक अक्षर लावून वाचत होता. “स-द-र मुलगा.” मग थांबला आणि विचारलं, “बाबा, औरस म्हणजे काय?”

माझे हात थांबले. त्या माणसाचा चेहरा उतरला. काही न बोलता तो मुलाला घेऊन समोरच्या गाड्यावर उसाचा रस पाजायला गेला. परत आला तेव्हा मुलाला लांब बाकावर बसवलं आणि मला हळूच म्हणाला, “वकिलांनी नाही सांगितलं, मित्राने सांगितलं. असं लिहिलं की पोटगी लांबते म्हणे.”

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. कायदेशीर लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल, किंवा लग्न संपल्यावर आईने दुसरं लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल, त्या नवऱ्याचंच मानलं जातं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ११६ आहे. ते मोडायचं तर गर्भ राहू शकला असता त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. नुसता संशय पुरत नाही. मागितली की रक्ताची चाचणी मिळते असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ साली सांगितलं. २०२३ साली पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात तर कोर्टाने मुलाच्या बाजूने स्पष्ट भूमिका घेतली, की आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्मावर ऊठसूट प्रश्नचिन्ह लावता येणार नाही, त्याच्या खासगीपणाला किंमत आहे. २०१४ साली एका प्रकरणात झालेल्या चाचणीचा निष्कर्ष कोर्टाने या गृहीतकापेक्षा वरचढ मानला, हेही खरं. म्हणजे खरोखर कारण असलेल्याला दार पूर्ण बंद नाही. पण पोटगी लांबवायला म्हणून ते वाक्य लिहायचं नाही. ते अर्जात कायमचं राहतं. नक्कल मिळते. पोर मोठं झाल्यावर वाचू शकतं.

चार दिवसांनी ते एकटेच आले. उत्तरात चौथा परिच्छेद नव्हता. पगार किती, घरभाडं किती, आईच्या औषधांना किती, एवढंच होतं. पुढे काय झालं मला ठाऊक नाही.

लग्न झालेलंच नसेल तर वर सांगितलेलं गृहीतक मिळत नाही, बाप कोण ते दाखवावं लागतं. तेव्हा कागद जपून ठेवा. दवाखान्याचे पेपर, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, एकत्र राहिल्याच्या खुणा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या आमच्या कोकणा, वारली, महादेव कोळी बायांसाठी हे विशेष लिहितेय. तिकडे कित्येक जोडपी खर्चापायी लग्न न लावता वर्षानुवर्षं संसार करतात. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागूच होत नाही, तिथे रूढी चालते. म्हणून “तुमची केसच होत नाही” असं सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. कलम १४४ तुमच्या लेकराला लागू आहे. आणि तालुक्याच्या ठिकाणी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज टाकता येतो, दर तारखेला पहाटेची एसटी धरून नाशिकला यावंच लागेल असं नाही.

अविवाहित आईला मुलाचं पालकत्व घ्यायला बापाचं नाव सांगायची किंवा त्याला नोटीस पाठवायची सक्ती नाही, हे २०१५ साली ठरलंय. आणि १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. दाखल्यांवर आईचं नाव टाइप करताना मला अजून दर वेळी बरं वाटतं.

जिथे मारहाण आहे तिथे वर लिहिलेलं भेटीचं सगळं दुसऱ्या नंबरावर. आधी जीव. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो, आणि भेटीने मुलाला धोका असेल तर न्यायदंडाधिकारी भेट नाकारू शकतात. १८१ ही महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी आणि ११२ पोलिसांसाठी. हे नंबर आजच मोबाइलमध्ये घाला.

पैशांअभावी वकील नाही म्हणून अडलेल्यांना सांगते. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाईला आणि मुलाला उत्पन्नाची कुठलीही अट नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही नाही. इतर बहुतेक पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. जिल्ह्याला प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, फोन १५१००. केस टाकायच्या आधी समोरच्याला बोलावून समजुतीने मार्ग काढायची सोयही तिथे आहे. कौटुंबिक न्यायालयात तर स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, आणि तिथले समुपदेशक दोघांना बसवून बोलतात. त्यांच्यापुढे जिंकायला जाऊ नका. मुलाची शाळा सुटल्यावर त्याला कोण आणणार, असे प्रश्न तिथे बसून सोडवता येतात. अशा प्रश्नांना साक्षीपुराव्यातून उत्तर निघायला वर्षं जातात.

माझ्याकडे यायचं असेल तर साडेदहानंतर या. मुलाचा जन्माचा दाखला, आधार, शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, तुमचं सहा महिन्यांचं बँकेचं पान, समोरच्याच्या नोकरीबद्दल जे काही हाताशी असेल ते, आणि आधीचा एखादा आदेश असेल तर त्याची नक्कल आणा. पाण्याची बाटली आणा, उन्हाळ्यात इथे फार हाल होतात. पोराला मात्र शाळेत पाठवून या, सुट्टी असेल तर शेजारी ठेवून या. त्याला आता वाचता येतं.

तुमची,
कोर्टाबाहेर टायपिंग करणारी एक ताई
नाशिक